पगार घटला, उन्हाळा तोंडावर. पाच जणांच्या घराचा खर्च कुठून कमी करावा? (नागपूर)

हिंगणारोड_५ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. घरातला एकच पगार, तो जानेवारीपासून ४५,००० चा ३२,००० झाला आहे. आम्ही दोघं, चौथी आणि सातवीतली दोन मुलं आणि सासूबाई. घर भाड्याचं, वासुदेवनगर मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. मिस्टरांची नोकरी कॉटन मार्केटजवळ.

महिन्याचा खर्च: भाडं ८,५००, किराणा ७,५००, भाजी-फळं २,८००, दूध २,७००, गॅस ९००, वीज १,२००, पेट्रोल ३,६०० (दोन दुचाक्या), शाळेची फी ३,५००, स्कूल व्हॅन १,८००, सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं १,९००, तीन मोबाइल आणि वायफाय १,५००, क्रेडिट कार्डाला २,५००, नव्या गाडीचा हप्ता २,९०० (सात हप्ते बाकी), बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन खरेदी २,५००. बेरीज ४३,८००. म्हणजे दर महिन्याला ११,८०० कमी पडतात.

कार्डाची थकबाकी ४८,००० आहे, सध्या फक्त किमान रक्कम भरतो. बँकेत ६०,००० ची एफडी आणि पतसंस्थेत २५,००० आहेत. विजेचे १,२०० हे थंडीतले. गेल्या मे महिन्यात ३४० युनिट पडून बिल ४,३०० च्या घरात गेलं होतं. बेडरूममध्ये जुना एक टनाचा एसी (फक्त रात्री), हॉलमध्ये लोखंडी कूलर.

विचारायचं असं की एफडी मोडावी का? एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य एकदम भरलं तर खरंच वाचतं का? एसीचं काय करावं? मुलांचं दूध आणि सासूबाईंची औषधं यांत काटकसर नको, बाकी काहीही सुचवा.

हिशेबवही यांचं उत्तर:

ताई, तुम्ही सगळे आकडे मांडले म्हणून उत्तरही आकड्यांत देता येतं. सुरुवात स्वयंपाकघरातून करू नका. ज्या पैशाच्या बदल्यात घरात काहीच येत नाही, तो आधी थांबवा. तुमच्या यादीत तो कार्डाला जातो आहे.

बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर बघा. ४८,००० वर महिन्याचं व्याज १,६८० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,९८०. तुम्ही २,५०० भरता, त्यातून मुद्दल फिटतं जेमतेम ५२०. वर किमान रक्कमच भरत असाल तर नव्या खरेदीला ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज लागतं. पावणेसात टक्क्यांनी एफडी धरली तर ६०,००० वर महिन्याला ३४० च्या आसपास मिळतात. तेव्हा एफडी मोडा आणि कार्ड पूर्ण फेडा. मुदतीआधी मोडल्याचं व्याज थोडं कापलं जातं, पण ती रक्कम कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजापुढे किरकोळ असते. एफडी थोड्याच दिवसांत मुदतपूर्ण होणार असेल तर न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. ते सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच महाग असतं.

फेडताना लोक एका ठिकाणी चुकतात. स्टेटमेंटवरची रक्कम भरली की संपलं असं वाटतं, पण स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते दोन-चारशे रुपये न बघता राहिले की त्यावर विलंब शुल्क चढतं. म्हणून बँकेला फोन करून त्या दिवसाची एकूण देय रक्कम विचारा, तेवढी भरा आणि शून्याचं स्टेटमेंट हातात येईपर्यंत दर महिन्याला उघडून बघा. कार्ड बंद करायचं असेल तर त्यानंतर. तोपर्यंत मोबाइलमधल्या खरेदीच्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाका.

एफडीतले उरलेले १२,००० बचत खात्यात राहू द्या. पतसंस्थेचे २५,००० मुदत संपली की बँकेत किंवा पोस्टात हलवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. शेवटची गंगाजळी तिथे ठेवणं बरं नाही.

आता पेट्रोल. लिटरला १०५ रुपये आणि ४५ किलोमीटरचा ॲव्हरेज धरला तर ३,६०० रुपयांत ३४ लिटर, म्हणजे महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात. वासुदेवनगर ते कॉटन मार्केट जाऊन-येऊन १८ किलोमीटर धरा, २६ दिवसांचे ४७० च्या आत. मग हजारावर किलोमीटर शाळा, ट्यूशन, दुकान, पाहुणे अशा फेऱ्यांत जात आहेत. नोकरीच्या पेट्रोलपेक्षा दुप्पट खर्च तिथे आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. महिनाभर दोन्ही गाड्यांचं किलोमीटरचं रीडिंग दर रविवारी कॅलेंडरवर लिहा, कुठली फेरी टाळता येते ते दिसेल.

मेट्रोबद्दल हिशेब सरळ आहे. ॲक्वा लाइनवर तुमचं स्टेशन आणि कॉटन मार्केट दोन्ही आहेत. एका बाजूचं भाडं २० धरलं तर महिन्याचे १,०४०, मेट्रोच्या महाकार्डावर १० टक्के सूट धरून ९४० च्या जवळ. त्याच फेऱ्यांना पेट्रोल १,१०० लागतं. नुसता एवढाच बदल केला तर फारसं वाचत नाही. वाचतं तेव्हा, जेव्हा मेट्रोमुळे एक गाडी घरातून जाते. जुनी दुचाकी विकली तर तिचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी थांबतं आणि आलेल्या पैशांतून नव्या गाडीचे सातही हप्ते (२०,३००) निघू शकतात. जुनी किती रुपयांना जाते त्यावर ते ठरेल. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरसी खरेदीदाराच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा करा. नुसती किल्ली आणि कागद देऊन टाकले तर पुढचे चलान आणि अपघाताची जबाबदारी तुमच्याच नावावर राहते.

रिचार्जमध्ये २८ दिवसांचे प्लॅन म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. घरात वायफाय असताना तिन्ही फोनला रोज दोन जीबी नको. सासूबाईंच्या फोनला फक्त कॉल-एसएमएसचा प्लॅन पुरतो.

एक खर्च मात्र कापू नका. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये (अपघात विमा, सुरक्षा बिमा) आणि ४३६ रुपये (जीवन ज्योती) जात असतील तर जाऊ द्या. दोन्हींचं संरक्षण प्रत्येकी २ लाखांचं आहे आणि घरात कमावणारं माणूस एकच आहे. ही रक्कम मेअखेर कापली जाते, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा.

ताटीवाला यांचं उत्तर:

विजेचं मी सांगतो. ३४० युनिटचं बिल ४,३०० का होतं ते आधी समजून घ्या. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. पहिले १०० स्वस्त, पुढचे जवळपास दुप्पट दराने, ३०० च्या वरचे त्याहून महाग. वर वहन आकार, स्थिर आकार आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून कमी झालेलं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. युनिट निम्मे झाले की बिल निम्म्याच्याही खाली जातं ते यामुळेच.

जुना एक टनाचा एसी रात्री सात तास चालला तर सहा-सात युनिट खातो. महिन्याचे १९० धरा. खिडकीतला कूलर १५० वॅटचा असेल तर आठ तासांत सव्वा युनिट, महिन्याचे ३५-४०. म्हणजे एसी बंद ठेवून बेडरूमला कूलर लावला तर ३४० चे १९० युनिट होतात आणि बिल दोन हजारांच्या आसपास येतं. मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा नागपूरची हवा इतकी कोरडी असते की कूलरसारखं दुसरं साधन नाही. पाऊस सुरू झाला की तोच कूलर निरुपयोगी. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा.

नवा घेण्याआधी हॉलमधला लोखंडी कूलर नीट करा. हवा कमी येत असेल आणि मोटार गुणगुणत असेल तर बहुतेक वेळा कॅपॅसिटर उतरलेला असतो. मोटारीवर किती मायक्रोफॅरडचा लिहिला आहे ते बघून तेवढाच आणा, शे-दीडशेच्या आत येतो. मेकॅनिक थेट मोटार बदला म्हणाला तर आधी कॅपॅसिटर बदलून बघायला सांगा. पंख्याची पाती हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर बुश सुकलेले आहेत, चार थेंब मशीनचं तेल.

ताट्या (कूलरच्या बाजूंच्या जाळीदार चौकटी) दर वर्षी नव्या भरा. वुडवूल (लाकडाचा कीस) भरताना ते सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. महिन्याभरात ओलं होऊन ते खाली बसतं आणि वरच्या चार बोटांत फट पडते. त्या फटीतून गरम हवा सरळ आत येते आणि लोकांना वाटतं कूलर बिघडला. मेच्या सुरुवातीला ताटी उघडून वरचा भाग पुन्हा भरा. पाणी पडतं त्या पन्हाळीची भोकं सुईने मोकळी करा. बोअरचं पाणी असेल तर ताटीवर पांढरा थर चढतो आणि हवा अडते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. असं केलं तर डेंग्यूच्या डासांची पैदासही टळते. हनीकोंब पॅड महाग असले तरी दोन-तीन उन्हाळे टिकतात, पण खारट पाण्यात तेही लवकर बुजतात.

कूलर खोलीच्या बाहेर, खिडकीत बसवायचा आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं. सगळं बंद करून चालवला की तासाभरात खोली दमट होते, अंगाला चिकचिक येते आणि मग एसी लावावासा वाटतो.

सुरक्षेबद्दल हात जोडून सांगतो. लोखंडी कूलरला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग असल्याशिवाय तो लावू नका. पाणी भरताना, टाकी चाचपताना आधी बटण बंद करा आणि प्लग बाहेर काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मुलांना सांगून ठेवा. घरमालकाला विचारून ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवला तर जिवाची काळजी मिटते, त्यात कंजुषी नको.

कुठलं उपकरण किती खातं ते मीटरवरूनच कळतं. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि लाल दिवा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखाला ३२०० ने आणि त्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. दहा सेकंद आले तर साधारण ११२ वॅट. मीटरवर १६०० असेल तर १६०० ने भागा. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर गळती आहे किंवा दुसऱ्याची वायर तुमच्या मीटरवर आहे. भाड्याच्या घरात हे नक्की तपासा.

सर्वांत जास्त चालणारा एक पंखा बीएलडीसी घेतला तर ७५ ऐवजी ३० वॅट लागतात, रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट कमी. पण सगळे पंखे आत्ताच बदलू नका, पैसे अडकतील.

बिलावर लवकर भरण्याची एक तारीख छापलेली असते. तोवर भरलं तर १ टक्का सूट, आणि कागदी बिल बंद करून ई-बिल घेतलं तर आणखी थोडी सूट. गॅस सिलिंडर मात्र पाच माणसांत महिनाभर जात असेल तर त्यात फार काढण्यासारखं नाही. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, ज्योत पिवळी झाली की बर्नरची भोकं साफ करा. सिलिंडर घेताना वजन करून घ्या: कॉलरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवलं की भरलेल्याचं वजन यायला हवं.

इतवारी_किराणा यांचं उत्तर:

ताई, पाच माणसांच्या घराला महिन्याला काय लागतं ते आधी ठरवा, मग यादी लिहा. रोज २० पोळ्या, एका पोळीला २८ ग्रॅम कणीक, म्हणजे महिन्याला सतरा किलोच्या आत गहू. तांदूळ सहा किलो, सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून पाच ते सहा किलो, तेल तीन लिटर, साखर तीन किलो, फल्लीदाणे दीड किलो, चहापत्ती अर्धा किलो. तुमच्या मागच्या तीन बिलांशी हे ताडून बघा. बहुतेक घरांत धान्य बरोबर असतं, आणि बिल फुगतं ते तेल, बिस्किटं, नूडल्स, नमकीन, साबण-शाम्पू यांनी.

तेलाच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅम भरतं. पिपा १५ किलोचा की १५ लिटरचा ते विचारा: १५ किलोत साडेसोळा लिटर येतं, १५ लिटरच्या पिप्यात किलोच्या हिशेबाने साडेतेराच्या थोडंच वर. एक लिटरसारख्या दिसणाऱ्या पाकिटांत ८०० किंवा ८५० ग्रॅम भरलेलं असतं. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली भाव छापलेला असतो, तोच बघून तुलना करा. तर्रीची भाजी रोज केली तर तीन लिटर पुरणार नाही. आठवड्यातून एकदा करा, बाकी दिवस फोडणी दोन चमच्यांत बसवा.

मोठी खरेदी इतवारीत किराणा ओळ आणि मस्कासाथकडे करा. महिन्यातून एकदा, यादी घेऊन, सुटं आणि तोलून. बेसन पाकिटाऐवजी चणाडाळ घेऊन चक्कीवर दळा, भेसळीची चिंता नाही. इडली-डोसा आणि खिचडीला तांदळाची कणी चालते, ती अख्ख्या तांदळापेक्षा बरीच स्वस्त. वरणाला रोज तूरच हवी असं नाही. तुरीत अर्धी मसूर मिसळा, चव बिघडत नाही. बरबटी (चवळी), मोट (मटकी), चणे, वाटाणे भिजवून उसळी करा, मुलांना डब्यात मोड आलेले मूग द्या.

भाजीला कॉटन मार्केट सकाळी लवकर गाठलं तर किलोमागे चांगला फरक पडतो, आणि मिस्टर तिथेच उतरतात. पण दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच घ्या. सडून फेकलं की सगळी बचत गेली. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) फ्रीजमध्ये ठेवताना ओलं ठेवू नका, कागदात गुंडाळा. जुलै ते सप्टेंबर भाजी महाग होते. त्याची सोय आत्ता मार्च-एप्रिलमध्येच करायची: मुगाच्या वड्या, कोहळ्याच्या वड्या, वाळवलेली गवार आणि मेथी. तीन किलो मुगाच्या वड्या पावसाळ्यात महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा भाजीला पुरतात.

वर्षाचं धान्य माझ्या मते भराच. नवी तूर जानेवारी ते मार्चमध्ये येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये, मिरचीही याच सुमारास. हंगामात घेतलं की माल ताजा आणि भाव बरा.

आधी_उधारी यांचं उत्तर:

वरच्या उत्तराशी बहुतांश सहमत, पण वर्षाच्या धान्यावर नाही, निदान या घरासाठी या वर्षी नाही. दोन क्विंटल गहू किलोमागे पाच रुपये स्वस्त मिळाला तरी वर्षाचे हजार रुपये वाचतात. त्यासाठी सहा-सात हजार एकदम अडकतात आणि कार्ड फेडल्यावर हातात १२,००० च आहेत. कार्डावरून किंवा दुकानदाराकडे उधारीवर भरलं तर वाचलेले हजार व्याजात जातील. एक ५० किलोचा कट्टा घ्या, शेजारच्या दोन घरांबरोबर मिळून कळमन्याच्या घाऊक बाजारातून आणा म्हणजे वाहतूक वाटली जाते. तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. वर्षाची फक्त मिरची आणि हळद भरा, कारण तयार तिखट-हळदीत आणि अख्ख्या मालात किलोमागचा फरक मोठा असतो आणि पैसे थोडेच लागतात. भिवापुरी मिरची आणली तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून, देठ काढून, पूर्ण थंड झाल्यावर कांडून आणा. गरम गरम डब्यात भरलं की वाफ धरते आणि महिन्याभरात बुरशी.

धान्याचंही तेच. गहू दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवून, संध्याकाळी सावलीत थंड करून मगच कोठीत, काठोकाठ भरून, झाकण घट्ट. वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये. तूरडाळीला दहा किलोमागे दोन मोठे चमचे एरंडेल चोळा. तांदूळ उन्हात टाकू नका, दाणा तडकतो आणि भात चिखल होतो. आणि घरात सल्फासच्या गोळ्या कधीही ठेवू नका. धान्यात ठेवल्यावर त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो.

रेशनबद्दल कुणी सांगेल म्हणून आधीच लिहितो: शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, तुमचं त्यात बसत नाही. तरी रेशन कार्ड आणि त्यातल्या सगळ्यांची ई-केवायसी पूर्ण ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, ते यादीतल्या आजारांना आणि योजनेतल्या रुग्णालयांत भरती झाल्यावर. ओपीडीच्या गोळ्यांना ते नाही.

औषधपेटी यांचं उत्तर:

ताई, औषधांत काटकसर नको हे बरोबर, पण तीच औषधं कमी पैशांत मिळतात. सासूबाईंच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगा की ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्या. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ही सगळी जनऔषधी केंद्रात मिळतात आणि बहुधा निम्म्याहून कमी किमतीत.

घेताना मिलिग्रॅम तेच आहे का बघा. मेटफॉर्मिन साधं आणि एसआर यांत फरक आहे. एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, ती अर्धी करायची नसते आणि साधीने बदलायचीही नसते. दोन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर दोन्हींचं प्रमाण जुळलं पाहिजे. बदलल्यावर पहिले दोन आठवडे बीपी आणि साखर तपासून लिहून ठेवा. थायरॉइड आणि फिटच्या औषधांचा ब्रँड डॉक्टरांना न विचारता बदलू नका. खोकल्याच्या बाटल्या, टॉनिक, व्हिटॅमिनच्या गोळ्या यादीत असतील तर त्या खरंच हव्यात का हेही विचारा. बऱ्याच बिलांत निम्मी रक्कम त्यांचीच असते.

पैसे कमी म्हणून गोळी एक दिवसाआड घेणं हे मात्र कधीच करू देऊ नका. बीपीची गोळी अशी चुकत गेली की अर्धांगवायूचा धोका वाढतो. अगदी अडचण असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवा.

हिंगणारोड_५:

सगळ्यांचे मनापासून आभार. बसून बेरीज केली. कार्डाचे २,५००, औषधांचे हजार-अकराशे, पेट्रोलमध्ये मेट्रोचं भाडं धरूनही दीड हजार, किराण्यात दीड हजार, भाजीत ६००, रिचार्जमध्ये ६००, बाहेरच्या खर्चात २,०००. हे ९,७०० च्या वर जातं. जुनी गाडी विकून हप्ते भागले तर आणखी २,९००. तेवढ्याने ११,८०० ची खोट भरून निघते.

ताटीवालादादा, एक अडचण आहे. बेडरूम आतल्या बाजूला आहे. तिला रस्त्याकडची खिडकी नाही, फक्त मागच्या बोळात उघडणारं एक झरोखावजा व्हेंटिलेटर आहे. तिथे कूलर बसत नाही. म्हणून तर एसी होता. मग काय करावं?

ताटीवाला:

मग वेगळा कूलर घेऊच नका, पैसे वाचले. हॉलचा कूलर आहे तिथेच राहू द्या आणि त्याची हवा बेडरूममधून बाहेर जाईल असं करा. व्हेंटिलेटरमध्ये नऊ किंवा बारा इंची एक्झॉस्ट पंखा बसवा, तोंड बाहेर. तो ४०-५० वॅटच खातो. रात्री हॉलची बाकी खिडक्या-दारं बंद, बेडरूमचं दार पूर्ण उघडं, एक्झॉस्ट चालू. कूलरची थंड हवा हॉलमधून बेडरूममध्ये ओढली जाते आणि दमटपणा बोळात निघून जातो. बरोबर चाललंय की नाही ते बघायला बेडरूमच्या दारात अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. धूर तिथेच घुटमळत असेल तर हॉलची एखादी खिडकी उघडी राहिली आहे, किंवा एक्झॉस्ट उलटा बसवला आहे.

स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर एक्झॉस्ट चालू असताना तो लावू नका, जळलेला वायू घरात ओढला जाऊ शकतो. हॉल आणि बेडरूममध्ये मोठा पॅसेज असेल तर ही रचना मेच्या ऐन उष्म्यात कमी पडेल. त्या तीन-चार आठवड्यांत सगळ्यांच्या गाद्या हॉलमध्येच घाला. सासूबाईंची गादी कूलरच्या थेट झोताखाली नको, बाजूच्या भिंतीला घ्या. एसी विकायची घाई करू नका. जुन्या एसीला उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गिऱ्हाईक मिळतं, तेव्हा आधी आठ-दहा रात्री या पद्धतीने काढून बघा आणि जमलं तर एप्रिल संपायच्या आत विका.